बाई, प्रॉब्लेम आलाय

गेली सतरा वर्षं मी सांगलीजवळच्या एका शाळेत मुलींना खेळ शिकवते. एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य हेच. मुलगी रांगेतून बाजूला येते, जर्किनची चेन वरखाली करत माझ्या कानाशी येते आणि मान खाली घालून म्हणते, "बाई, प्रॉब्लेम आलाय." मी मान हलवायचे. ती मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाखाली जायची आणि तिथल्या सिमेंटच्या बाकावर बसायची. पुढे काही बोलावं लागायचं नाही. तास संपेपर्यंत तिथं दोघी-तिघी जमलेल्या असायच्या, गुडघ्यांवर हनुवटी टेकून.

त्या बाकावर बसवायची पद्धत मीच पाडली. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात मी ठरवलं होतं, की माझ्या मैदानावर पाळी आलेल्या मुलीला कुणी पळायला लावणार नाही. त्यामागे माझं स्वतःचं एक दुखणं होतं, ते पुढे सांगते. मला तो बाक म्हणजे मायेची जागा वाटायची.

चार वर्षांपूर्वी तालुक्याच्या स्पर्धेआधीची गोष्ट. नववीतली एक मुलगी, आमच्या खो-खो संघातली सगळ्यात चपळ संरक्षक, बाकावर बसून डोळे पुसत होती. मी जवळ गेले. म्हटलं, "फार दुखतंय का गं पोट? शेकायला देऊ का काही?"

ती म्हणाली, "दुखत काहीच नाही बाई. मला खेळायचंय. पण तुम्ही बसवता ना."

मी तिला एका शब्दानंही बस म्हटलं नव्हतं, नुसती मान हलवली होती. पण तेरा वर्षांत मी एकाही मुलीला विचारलं नव्हतं, की बाळ, तुला आज काय करावंसं वाटतंय? त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी स्वतः पंधरा वर्षांची असताना मला याच्या बरोबर उलट वागणूक मिळाली होती. १९९८ चा पावसाळा, जिल्ह्याची खो-खो स्पर्धा, आणि त्याच सकाळी पाळी आली. घरी आम्ही जुन्या सुती कापडाच्या घड्या वापरायचो. स्पर्धेसाठी म्हणून आईनं नॅपकिनचं एक पाकीट आणून ठेवलं होतं, ते मी पहिल्यांदाच उघडलं. गणवेशाची हाफ पँट पांढरी. आमच्या प्रशिक्षकांना हे सांगायची माझी हिंमत नव्हती, संघातल्या एका मोठ्या ताईनं सांगितलं. त्यांचं उत्तर आलं, "मैदानात उतरलं की पाळीबिळी काही नसते. खेळाडू आहेस ना?"

खो-खो ज्यांनी खेळलाय त्यांना कळेल. पाठलाग करणाऱ्या संघातल्या आठजणी दोन खांबांच्या मध्ये एका रेषेत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं. नववी पळते. खो मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही. डाव नऊ मिनिटांचा. मी तिसऱ्या चौकोनात होते. हाताची बोटं ओल्या मातीत रोवलेली, एक टाच उचललेली. कृष्णेला पाणी चढावं तशी कळ ओटीपोटातून सावकाश चढायची, कंबरेत भरायची, मांड्यांच्या आतल्या बाजूनं गुडघ्यापर्यंत उतरायची आणि मग हळूहळू ओसरायची. दोन कळांच्या मधे खो मिळाला तर मला उठता यायचं. कळ चढतीला असताना मिळाला, तर पहिली दोन पावलंच पडायची नाहीत. मी मनातल्या मनात मोजत होते, आता सुटेल, आता सुटेल. एकदा पाठीवर थाप पडली, कानाशी "खो!" झालं आणि मी उठलेच नाही. समोरची मुलगी निघून गेली. डाव संपल्यावर खांबाला धरून उलटी केली. त्या दिवशी मला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही.

आणि घरी? घरी चार दिवस बाजूला. आज्जी मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायची नाही, लोणच्याच्या बरणीकडं बघू द्यायची नाही. पण रात्री मी कण्हायला लागले की तीच उठायची. तव्यावर जुन्या लुगड्याच्या घड्या दाबून दाबून गरम करायची आणि उंबऱ्यापाशी आणून ठेवायची. शिवायचं नाही म्हणून हातात द्यायची नाही. ती दोन पावलं मागं सरली की मी त्या उचलून पोटावर धरायचे. त्या कापडाला धुराचा आणि भाजलेल्या भाकरीचा वास यायचा. मग ओवा आणि काळं मीठ आणि वर कोमट पाणी. "पालथी पड, पाय पोटाशी घे," असं ती उंबऱ्यापलीकडून सांगत राहायची.

मैदानावर म्हणाले पाळी नसतेच, घरात म्हणाले पाळीशिवाय दुसरं काही नसतंच. दोन्हीकडं मला कुणी काही विचारलं नाही. आणि तेच मी बाई झाल्यावर तेरा वर्षं केलं.

*

त्या नववीतल्या मुलीनंतर मी वाचायला लागले, डॉक्टर मैत्रिणीला छळायला लागले. बी.पी.एड.ला आम्हाला स्नायू, सांधे, हृदयाचे ठोके सगळं शिकवलं होतं. पाळीवर कसंबसं एक पान. ते पानही सर शिकवायचे तेव्हा घाईनं उलटलं होतं.

कळ कशी येते हे मी आता आठवीच्या मुलींना फळ्यावर चित्र काढून सांगते. गर्भाशय म्हणजे साधारण आपल्या मुठीएवढा स्नायूच आहे. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपकन खाली येतं, आतलं अस्तर सुटायला लागतं आणि त्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बाहेर पडतात. ती गर्भाशयाला आवळायला लावतात. मूठ घट्ट आवळली की बोटं पांढरी पडतात, रक्त पुढं जात नाही. तसंच इथं होतं. स्नायू इतका आवळतो की त्याच्याच रक्तवाहिन्या दबतात, त्याला प्राणवायू कमी पडतो आणि कळ उठते. हीच रसायनं आतड्यांनाही चाळवतात, म्हणून पहिल्या दिवशी पातळ शौचाला होतं, मळमळतं, डोकं धरतं. पहिला दिवस, दीड दिवस त्यांचा जोर असतो, मग उतरतो.

मुलींना मूठ आवळायला लावते, पांढरी पडलेली बोटं बघायला सांगते. तेवढ्यानं वर्गात एकदम शांतता होते. आपण नाटक करत नव्हतो, हे त्यातल्या कितीतरी जणींना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. एकीनं विचारलं होतं, "म्हणजे बाई, हे मनाचं नसतं?" तिच्या घरी तिला तसंच सांगितलेलं.

आता व्यायामाचं. २०१९ मध्ये कोक्रेन या संस्थेनं तोवर झालेले अभ्यास एकत्र करून तपासले. आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा, दर वेळी पाऊण ते एक तास व्यायाम करणाऱ्या बायकांचं पाळीचं दुखणं शंभरात मोजलं, तर साधारण पंचवीसनं कमी होऊ शकतं, असं त्यांना दिसलं. व्यायाम सावकाश असो की दमवणारा. पुरावा भक्कम नाही, हेही त्यांनीच स्पष्ट लिहिलंय. पण मी हे वाचलं तेव्हा भिंतीवरची माझी जुनी कॅलेंडरं काढून बसले, कारण २०१५ पासून मी कालनिर्णयच्या चौकोनात पाळीची तारीख आणि शेजारी दुखण्याचे दहापैकी गुण लिहिते. लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात शाळा बंद, मैदान बंद, मी घरात बसलेली. एप्रिलला सहा, मेला सात, जूनला आठ. सकाळी गच्चीवर दोरीच्या उड्या आणि सूर्यनमस्कार सुरू केले, दिवाळीपर्यंत आकडा चारवर आला. एका बाईचं कॅलेंडर म्हणजे शास्त्र नव्हे. पण ते माझं शरीर आहे आणि मला तेवढं पुरलं.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की हा हिशेब महिनाभराचा आहे. पाळीच्या दिवशी कळ उठल्यावर मैदानाला दहा फेऱ्या मारायला सांगणं हा उपचार नव्हे. ज्या मुली महिनाभर रोज घाम गाळतात त्यांना ते चार दिवस हलके जाऊ शकतात, आणि ते हलके गेले नाहीत तरी त्यात त्यांचा दोष नाही. "व्यायाम करत नाहीस म्हणून दुखतं" असं मुलीला ऐकवणाऱ्या बायका मला भेटतात, तेव्हा मला फार राग येतो. १९९८ साली मी रोज दोन तास सराव करायचे.

माझा पहिला दिवस कसा असतो ते सांगते, कारण मुली आणि त्यांच्या आया मला हेच विचारतात. साडेपाचला उठते. आधी रबरी पिशवीत गरम पाणी, बाहेरून टॉवेल गुंडाळलेला, आणि पंधरा मिनिटं ओटीपोटावर. पिशवीतली हवा दाबून काढायची आणि मगच बूच लावायचं, नाहीतर ती पोटावर नीट बसत नाही. शेकानं स्नायू सैलावतो, आज्जीचं लुगडं तेच करत होतं. मग चटईवर मार्जारासन, श्वासाबरोबर पाठ वर, पाठ खाली, मोजून वीस वेळा आणि घाई न करता. नंतर गुडघे लांब ठेवून शशांकासन, कपाळ जमिनीला, पोट मांड्यांच्या मधे सैल सोडलेलं. मग भिंतीला पाठ टेकून बद्धकोनासन, तळव्याला तळवा. हे सगळं मिळून वीस मिनिटं. नंतर चालायला बाहेर पडते, आयर्विन पुलाच्या टोकापर्यंत आणि परत. पहिली दहा मिनिटं पाय ओढत, मग कंबर मोकळी होते. बऱ्याचदा पुलावर वारा लागला की कळ सुटल्याचं जाणवतं. काही वेळा नाही सुटत, मग मी निम्म्यातून परत फिरते आणि चहा घेऊन आडवी होते. दुसऱ्या दिवशी दोरीच्या उड्या नाहीत, पण सूर्यनमस्कार सहा. तिसऱ्या दिवसापासून नेहमीसारखं.

उलट्या आसनांबद्दल हमखास विचारणा होते. पुण्याच्या अय्यंगार परंपरेत पाळीच्या दिवसांत शीर्षासन, सर्वांगासन करत नाहीत, मी तिथल्या पद्धतीनं शिकलेल्या एका बाईंकडं योग शिकले म्हणून मीही करत नाही. ते मी पथ्य म्हणून पाळते, भीती म्हणून कुणाला घालत नाही. पण सूर्यनमस्काराची गोष्ट वेगळी. रथसप्तमीला शाळेत सामूहिक सूर्यनमस्कार असतात. दरवर्षी पाळी आलेल्या मुली मागे उभ्या राहायच्या, "सूर्याला नमस्कार आहे, चालत नाही" म्हणून. ज्या सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्कार व्यायाम म्हणून घराघरांत पोचवला, ते औंध आमच्यापासून फार लांब नाही. मी मुलींना म्हणते, हा तुमच्या पाठीच्या कण्याचा, खांद्यांचा, फुप्फुसांचा व्यायाम आहे. जिला करायचा तिनं करा. आता तीस-चाळीस मुलींत एखादीच मागं राहते, आणि राहिली तर ती तिच्या मर्जीनं.

गोळीबद्दलही लिहायला हवं, कारण आमच्या भागात एक तर गोळी म्हणजे पाप समजतात, नाहीतर मेडिकलमधून पट्टीच्या पट्टी आणून खातात. मेफेनॅमिक ॲसिड, आयब्युप्रोफेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात. म्हणून ती कळ शिगेला पोचल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच घेतली तर जास्त उपयोगी पडतात. रिकाम्या पोटी घ्यायची नाहीत. आम्लपित्त, अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस औषधांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेनं मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीचा इशारा काढला होता. क्वचित कुणाला या औषधानं अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, त्याकडं लक्ष ठेवा म्हणून. तेव्हा गोळी घ्या, पण डॉक्टरांनी एकदा तपासून ठरवून दिलेली घ्या. मी मुलींना माझ्या पर्समधली गोळी कधीच देत नाही. शेकाची पिशवी देते.

*

आता जे लिहिणार आहे ते लिहायला मला वेळ लागला.

लॉकडाऊननंतर काही काळानं माझं दुखणं बदललं. आधी पहिला दीड दिवस दुखायचं. आता पाळीच्या पाच-सहा दिवस आधीपासून ओटीपोटात जड, उजवीकडं जास्त. पाळीत शौचाला बसलं की आतून कुणी सुरी ओढल्यासारखं. नवऱ्याजवळ जायची भीती वाटायला लागली. कॅलेंडरच्या चौकोनात नऊ लागोपाठ येऊ लागले आणि मी काय केलं? व्यायाम वाढवला. मी खेळाची बाई, मला माहीत होतं की व्यायामानं कळा कमी होतात, तेव्हा माझाच व्यायाम कमी पडत असणार. पहाटे पाचला उठून मैदानावर धावायचे, ओठ चावत. दीड वर्ष. एका दवाखान्यात गेले होते, तिथं सांगितलं, "वयानुसार होतं, दुसरं मूल होऊ द्या, जाईल." मी ते ऐकून घरी आले आणि आणखी धावले.

शेवटी एकदा प्रार्थनेच्या वेळी मला उभं राहवेना, सहकारी शिक्षिकेनं रिक्षात घालून दुसरीकडं नेलं. सोनोग्राफी झाली. उजव्या अंडाशयात गाठ, जुन्या साचलेल्या रक्तानं भरलेली. त्याला चॉकलेट सिस्ट म्हणतात आणि आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, अंडाशयावर, आतड्यांवर वाढतं, आणि तिथंही दर महिन्याला सूज येत राहते. त्या डॉक्टरीणबाईंनी माझं सगळं बोलणं पंचवीस मिनिटं ऐकलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही इतके दिवस हे सोसून धावत होता?" त्या प्रश्नावर मला रडू फुटलं.

गोळ्या सुरू झाल्या, डायनोजेस्ट, रोज एक, ठरल्या वेळी. काही महिन्यांत कॅलेंडरवर दोन-तीन दिसायला लागले. व्यायाम अजून करते, पण आता तो उपचाराच्या जोडीला आहे, उपचाराच्या जागी नाही.

म्हणून मुलींच्या आयांना मी पालकसभेत हात जोडून सांगते. गोळी आणि शेक देऊनही मुलगी दर महिन्याला शाळा बुडवत असेल, दुखणं महिन्यागणिक वाढत असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, लघवी-शौचाला दुखत असेल, तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, चक्कर येत असेल, तर "बायकांना सोसावंच लागतं" म्हणू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांकडं न्या. लग्न व्हायची वाट बघू नका.

आणि हिमोग्लोबिन बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. माझ्या मैदानावर हा आकडा मला रोज दिसतो. दोन वर्षांपूर्वी दहावीतली एक मुलगी दोन फेऱ्यांत धापा टाकायची. सगळे तिला आळशी म्हणत. मीही एकदा म्हणाले, त्याबद्दल तिची माफी मागितली आहे. तपासलं तर ८.४ ग्रॅम. बारा हवं असतं. आठवड्याला शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी ती दप्तराच्या कप्प्यात साठवून ठेवायची, "काळं शौचाला होतं" म्हणून. ते होतंच, त्यानं काही बिघडत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला डॉक्टरांचा औषधोपचार, शेंगदाणे-गुळाबरोबर लिंबू, जेवणाबरोबरचा चहा बंद, आणि तीन महिने फक्त चालणं. तिला बाकावर बसणं ही खरोखरच गरज होती.

*

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकला मीराबाई चानूनं स्नॅच आणि क्लीन अँड जर्क मिळून १९९ किलो वजन उचललं. चौथी आली, कांस्यपदक एका किलोनं हुकलं. त्यानंतर तिनं कॅमेऱ्यासमोर सांगितलं, की आज पाळीचा तिसरा दिवस होता, अशक्तपणा वाटत होता. दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले तर मुलींना ते आधीच माहीत होतं. एक जण मागच्या बाकावरून म्हणाली, "बाई, ती 'प्रॉब्लेम' नाही म्हणाली."

मला त्या वाक्यानं हलवलं. त्या दिवसापासून आमच्या मैदानावर शब्द बदलला. मीच आधी म्हणायला सुरुवात केली, "आज माझी पाळी आहे, मी शिट्टी वाजवणार, पळणार नाही." पहिल्या वेळी चार मुली हसल्या, दोघींनी कान झाकले. तिसऱ्या महिन्यात कुणी हसेना.

मुख्याध्यापिकाबाईंना गणवेशाबद्दल पत्र दिलं. विम्बल्डनसारख्या पांढऱ्या कपड्यांसाठी हट्टी असलेल्या स्पर्धेनंही २०२३ पासून खेळाडूंना स्कर्टच्या आत गडद रंगाची चड्डी घालायला परवानगी दिली, हे त्यात लिहिलं. आमच्या मुली आता गडद निळ्या ट्रॅक पँटमध्ये खेळतात. खेळाच्या कपाटात, जिथं स्टॉपवॉच आणि चुना ठेवते, तिथं पॅडचं पाकीट, जुनी वर्तमानपत्रं, एक जास्तीची ट्रॅक पँट आणि शेकाची पिशवी असते. किल्ली माझ्याकडं नसते, नववीच्या मॉनिटरकडं असते. मुलींनी माझ्याकडं मागायला येऊ नये म्हणून.

आणि एक वही आहे. जिला पाळी आहे तिनं येऊन स्वतः लिहायचं, आज काय करणार. बसणार, चालणार, सगळं खेळणार, सूर मारणं सोडून सगळं. मी त्यावर प्रश्न विचारत नाही. लागोपाठ तीन महिने कुणी ‘बसणार’ लिहिलं, तरच बाजूला घेऊन बोलते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला, कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्रातली, तेव्हापासून ‘सगळं खेळणार’ लिहिणाऱ्या वाढल्यात, हे मी वहीची पानं उलटताना मोजलंय.

बाक अजून आहे. कडुनिंबाचा पाला पडून मळतो, म्हणून मुली सोमवारी पुसतात. परवा त्यावर सातवीतली एक मुलगी बसली होती, पोटाशी शेकाची पिशवी धरून. तिची ही दुसरीच पाळी. बाकीच्या मैदानात खांब रोवत होत्या. थोड्या वेळानं ती उठली, पिशवी बाकावर ठेवली आणि माझ्याकडं आली.

"बाई, मी पाट्या आखायला जाऊ? चुन्याचा डबा हलका आहे."

मी म्हटलं, "जा की."

ती वाकून, अगदी सावकाश, एक सरळ रेघ ओढत गेली. मधे एकदा थांबली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, कळ गेल्यावर पुन्हा वाकली. दुसऱ्या खांबापाशी पोचल्यावर तिनं वहीतलं ‘बसणार’ खोडून त्याच्यापुढं पेन्सिलीनं लिहिलं, ‘रेघा मारल्या’.